इथे कुणाला कळतंय?

रविवार, २९ जून

अखेर आज मोटरसायकल घरी आली. काळी, फुगीर टाकीची, माजलेल्या म्हशीसारखी. माझ्या मुलाची, कार्तिकची, स्कूटर बरी चालत होती. पण बत्तीस वर्षांच्या घोड्याला खेळणं हवं होतं, त्याने घेतलं. लग्नाचा विषय काढला की याला नेमकं साइटवर जायचं असतं. मोटरसायकल घ्यायला मात्र अख्खा दिवस रजा मिळाली.

कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयार कोविलात, म्हणजे गणपतीच्या देवळात, पूजा झाली. पुजाऱ्यांनी, म्हणजे गुरुक्कळांनी, हँडलला हार घातला, कापूर ओवाळला, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. बायकोने, सुब्बलक्ष्मीने, हळदकुंकू लावलं आणि डोळे मिटून उभी राहिली. इंजिनीअर साहेबांनी लिंबांवरून गाडी नेली आणि निम्मा रस माझ्या धोतरावर उडवला. गुरुक्कळ म्हणाले, शुभ आहे. मळखाऊ रंगाचं धोतर नेसून आलेल्याला सगळंच शुभ असतं.

मी ऑडिट खात्यात जन्म काढला. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल सरकारने पगार द्यायचा, असं सुखाचं काम. निवृत्तीनंतर चुका तेवढ्याच दिसतात, पण ऐकून घेणारं कोणी नाही. म्हणून ही दैनंदिनी. मराठीत लिहितो, कारण ती माझी भाषा आहे. आमचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारात लेखणी चालवायला तंजावरास आले आणि इथलेच झाले. मधे तीन वर्षं पुण्यात बदली होती. तिथे मी "काय जाहलं" म्हणालो की कचेरीतली माणसं तोंडाला रुमाल लावायची. मग मी त्यांची मराठी वाचून वाचून शिकलो आणि त्यांच्यापेक्षा शुद्ध लिहू लागलो. त्यांना स्वतःची भाषा नीट लिहिता येत नाही ही गोष्ट मी तेव्हाच पाहिली.

शुक्रवार, ४ जुलै

कार्तिक रोज संध्याकाळी मोटरसायकल काढतो. सोमवारी स्वामीमलैचं देऊळ. मंगळवारी सुंदरपेरुमाळ कोयिल, कशाला तर केळी आणायला. केळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिळतात. काल पुन्हा स्वामीमलै. परीक्षेच्या दिवशीसुद्धा देवाला हात न जोडलेला मुलगा.

आज विचारलंच. म्हणाला, "अप्पा, किलोमीटर व्हायला पाहिजेत. मग पहिली सर्व्हिस."

"एक महिना जाहला तरी सर्व्हिस करतातच की."

"लौकर जाहली तर बरं."

पेट्रोल जाळून सर्व्हिसची वेळ जवळ आणणारा माणूस मी प्रथमच पाहतो आहे. उद्या हा डॉक्टरकडे लवकर जाता यावं म्हणून ताप आणील. सुब्बलक्ष्मी डोसा उलटता उलटता हसत होती. तिला विचारलं तर म्हणाली, तवा चांगला तापलाय.

बुधवार, ९ जुलै

मोटरसायकलच्या साखळीतून आवाज येतो म्हणे. मी कान लावून ऐकलं, मला काही ऐकू आलं नाही. कार्तिक इस्त्रीचा निळा शर्ट घालून सर्व्हिस सेंटरला गेला आणि दोन तासांनी शीळ घालत परत आला.

"आवाज गेला?"

"कुठला आवाज?" म्हणाला.

हा पूल बांधतो. लोक त्या पुलावरून जातात.

रविवार, १३ जुलै

तंजावरचे सुंदरेश राव आज मुलीला घेऊन आले होते. नात्यातले, आमच्याच दरबारी घराण्यांपैकी. मुलगी श्रीविद्या, कॉम्प्युटरवाली, परदेशी निघालेली. मी मराठीत विचारलं, "प्रवास बरा जाहला का?" तिने बापाकडे पाहिलं. बापाने तमिळात भाषांतर केलं. मुलीने उत्तर इंग्रजीत दिलं. सुंदरेश राव मोठ्या अभिमानाने म्हणाले, घरी आम्ही आता मराठी बोलत नाही, मुलांचा गोंधळ होतो. यांच्या आजोबांना मोडी येत होती. नातीला "प्रवास" कळत नाही.

मी नाही म्हटलं. कार्तिकने तर मान वर करून मुलीकडे पाहिलंही नव्हतं.

हे चौथं स्थळ. मी खरं लिहितो, कारण इथे खोटं लिहून फायदा कोणाला? मला भीती वाटते. आमच्या घरात मराठी बोलणारी आता तीन माणसं. बाहेर सगळं तमिळात, ते ठीकच आहे, इथेच राहतो, इथलंच खातो. पण उंबऱ्याच्या आत आमची बोली होती. उद्या घरात मराठी न येणारी सून आली की कार्तिक तिच्याशी तमिळात बोलेल, मग सवयीने आमच्याशीही. मी आणि सुब्बलक्ष्मी गेलो की या घरात "कोठे गेलतास" असं कोणी कोणाला विचारणार नाही. मला मुलाच्या लग्नाची घाई यासाठी आहे, नातवंडांच्या लाडासाठी नाही.

सुब्बलक्ष्मी संध्याकाळी हळूच म्हणाली, "मराठीच पाहिजे तर भांड्यांच्या बाजारात ते गोपालकृष्ण अहेत की. घरी मराठीच बोलतात. मुलगी अहे."

ते विठ्ठलवाले! एकादशीला टाळ कुटायचे आणि बाकीचे दिवस पितळ तोलायचं. त्यांची मराठी म्हणजे अभंगापुरती. मी म्हटलं, "दरबारातल्या लोकांनी तराजूवाल्यांशी सोयरीक करायची?"

"दरबार कोठे अहे अत्ता?" ती म्हणाली. मग तांदूळ निवडायला बसली. बरं झालं, चार दिवसांत आडी लागतो, त्या महिन्यात लग्नाची बोलणी कोणी करत नाही. आवणी येईपर्यंत घरात शांतता राहील.

शुक्रवार, १८ जुलै

एवढ्या घाईने किलोमीटर पुरे केले, उद्याची सर्व्हिसची वेळ घेतली, आणि आज चिरंजीव म्हणतात, "अप्पा, उद्या मजला साइटवर जायचंय. तुम्ही वंडी घेऊन जातां का?" इथे बैलगाडीपासून मोटरपर्यंत सगळ्याला वंडी म्हणतात. मी म्हटलं, "पुण्यात मी बुलेट चालवलेली आहे. तुझं हे खेळणं मला काय जड?"

सुब्बलक्ष्मी लगेच म्हणाली, "मीही येतें."

सर्व्हिस सेंटरला! हिला तिथे काय बघायचंय? म्हणाली, घरात बसून कंटाळा आला. आत्ता पाहिलं तर कपाटातून जांभळी रेशमी साडी काढून ठेवली आहे. मायलेकांचं डोकं एकदमच फिरलेलं दिसतं.

शनिवार, १९ जुलै

आजचा दिवस फुकट गेला, तो नीट लिहून ठेवतो.

सकाळी निघालो. सुब्बलक्ष्मी मागे आडवी बसली, साडी सावरत, मांडीवर मोगऱ्याची पुडी धरून. दारासुरमच्या रस्त्याला ते सर्व्हिस सेंटर आहे. बाहेर काच, आत थंडी, भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर मोटरसायकलवरून दरीत उडी मारणारा एक वेडा. खुर्च्यांवर गाड्यांचे मालक आपलं मूल ऑपरेशनला दिल्यासारखे बसलेले. गिऱ्हाइकांशी बोलायला मात्र एक मुलगी. अंगात कंपनीचा राखी टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले, गळ्यात तुळशीची बारीक माळ. हल्ली फॅशन म्हणून काय वाटेल ते घालतात. छातीवर नावाची पट्टी होती, महालक्ष्मी.

आम्हाला पाहून ती उठून उभी राहिली. "वांगो सार, वांगो अम्मा," म्हणाली, म्हणजे या सर, या बाई. सुब्बलक्ष्मीने मोगऱ्याची पुडी तिच्या हातात दिली. रेशनच्या दुकानातल्या बाईला हिने कधी पाकळीसुद्धा दिली नाही.

आम्हा तंजावरकरांची एक जुनी सोय आहे. बाहेर तमिळ, पण समोरच्याबद्दल काही बोलायचं तर मराठी. माझे वडील रेशमाच्या दुकानात बसून दुकानदाराच्या तोंडावर आईला सांगायचे, "लबाड अहे, ऊठ." दुकानदार हसून आणखी साड्या दाखवायचा. या शहरात एवढं एक सुख आम्हाला आहे, आणि मी ते मोकळेपणाने घेतो.

मुलीने तमिळात विचारलं, "गाडीची काही तक्रार आहे का, सार?"

मी सुब्बलक्ष्मीला मराठीत म्हणालो, "तक्रार एकच, घेणाऱ्यास अक्कल नाही." मुलगी खाली मान घालून लिहू लागली. तिचे ओठ थरथरत होते, बहुधा सर्दी झाली असावी, त्या थंड हवेत होणारच.

मग ती एका मेकॅनिकला हाक मारून काही सांगू लागली. मी म्हटलं, "आवाज ऐकलास? भांड्यांच्या दुकानात वाढल्यासारखा."

सुब्बलक्ष्मीने माझा पाय तुडवला.

"पाय कां तुडवतेस?"

"हळू बोला की हो."

"इथे कुणाला कळतंय?"

ती डोळ्यांनी काहीतरी करू लागली. या वयात हिचे हावभाव मला कळत नाहीत. मी मुलीच्या हातांकडे पाहत होतो. नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ. म्हणालो, "नखं बघ हिची. ह्या हातची कॉफी कोण पिणार?"

मुलीचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं आणि तमिळात विचारलं, "सार, कॉफी घेता?"

योगायोग म्हणतात तो हा. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मशीनची आहे, सार. कोणाचा हात लागत नाही."

पाहा, कॉफीच्या मशीनचीसुद्धा जाहिरात. सुब्बलक्ष्मी मात्र घाईघाईने म्हणाली, मजला दे, मी पितें. म्हणजे तमिळातच म्हणाली, पण गोंधळून अर्धं वाक्य मराठीत निघालं. मुलीने तिला कागदी कप आणून दिला आणि दोघी एकमेकींकडे क्षणभर बघत राहिल्या.

मी सुब्बलक्ष्मीला म्हणालो, "विचार, जेवणाआधी सोडणार की नाही." ती तोंड उघडायच्या आत मुलगीच बोलली, "साडेबारापर्यंत होईल, सार." न विचारता उत्तर द्यायची सवय! मी तसं बोलून दाखवलं. "ही ज्या घरात सून होऊन जाईल त्या घराचे वासे मोजून घ्या," असंही म्हणालो. सुब्बलक्ष्मीने दंडाला इतका जोरात चिमटा काढला की मी ओरडलो. समोरचा माणूस टीव्ही सोडून आमच्याकडे बघू लागला. मी तिला विचारलं, तुला बरं नाही का? ती उठून पाणी प्यायला गेली.

मग मुलगी मला म्हणाली, "सार, जुनं ऑइल बघता?" काचेपलीकडे गाडी उंच चढवलेली होती, खाली ताटलीत काळं तेल. ती बोट न बुडवता ताटली हलवून दाखवत होती, तेलात चांदीसारखी बारीक चमक फिरत होती. म्हणाली, नवीन इंजिनात एकावर एक घासतं, कीस पडतो, म्हणून पहिलं तेल लवकर काढून टाकायचं, नाहीतर तोच कीस आतल्या आत फिरत राहतो. हे सगळं माझ्या डोळ्यांत बघत, सावकाश, मी जणू इंग्रजी पहिलीत आहे. सुब्बलक्ष्मी मागे येऊन उभी होती. मी तिला म्हणालो, "तिशीची जाहली, गळ्यात मंगळसूत्र नाही. कारण विचारायास नको."

"अत्ता पुरे," सुब्बलक्ष्मी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा झाला होता. ग्रीसच्या वासाने असणार.

किल्ली देताना मुलीने ती माझ्या हातात न देता सुब्बलक्ष्मीच्या हातात दिली आणि वाकून तिला नमस्कार केला. गिऱ्हाइकाला नमस्कार करायचा, हे कंपनीचं नवं खूळ दिसतं. मला नुसतं म्हणाली, "बघून जा, सार."

परतीच्या वाटेवर सुब्बलक्ष्मी मागची दांडी धरून बसली, माझ्या खांद्याला हात लावला नाही. गाडी मात्र खरंच आधीपेक्षा मऊ चालत होती.

सोमवार, २१ जुलै

कंपनीचा फोन आला, सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल? तीन दिले. कारण विचारलं, सांगितलं, की तुमच्या मुली फार बोलतात.

कार्तिक शनिवारपासून जेवत नाही. संध्याकाळी गाडी काढत नाही. स्वामीमलै बंद, केळी बंद. "गाडी नीट आहे ना?" विचारलं तर म्हणाला, "गाडी नीट अहे, अप्पा." एवढंच, आणि खोलीत गेला. मूर्खांचा उत्साह पहिल्या सर्व्हिसपर्यंत टिकतो हे माझ्या लक्षात आलं. सुब्बलक्ष्मी माझं ताट वाढते, पण वाढताना बघत नाही. मी काय केलं म्हणून विचारलं. म्हणाली, "काही नाही. सगळं करून जाहलं."

सोमवार, १८ ऑगस्ट

आवणी लागली. सुब्बलक्ष्मीने आज सकाळी कॉफी समोर ठेवली आणि उभी राहिली. रविवारी मुलगी बघायला जायचंय म्हणाली. कोठे? भांड्यांच्या बाजारातले गोपालकृष्ण.

मी दरबार काढला. ती म्हणाली, "कार्तिक सांगतो, ही नाही तर कोणीही नाही. तो तिला ओळखतो. महिनाभर तिच्या मागे लागलाय. ती नक्को म्हणत होती, अत्ता कोठे बघायला या म्हणाली, तेही माझ्यासाठी."

तराजूवाल्याची मुलगी आणि आमच्या मुलाला नको म्हणते! मी बराच वेळ बोललो. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मराठी बोलते. ऐसं मराठी तुम्ही बऱ्याच दिवसांत ऐकलेलं नाही."

मुलगी काय करते विचारलं. कंपनीत काम करते म्हणाली. सगळ्याच कंपनीत काम करतात हल्ली.

कार्तिकचे गाल बसले आहेत. मला ते दिसत नाही असं सगळ्यांना वाटतं. मी जाईन म्हटलं. मराठी तर मराठी, निदान ते पदरात पडेल.

रविवार, २४ ऑगस्ट

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

गोपालकृष्णांचं घर दुकानाच्या मागे आहे. पुढच्या खोलीत विठ्ठल-रखुमाईची तसबीर, कोपऱ्यात मृदंग, आणि घरभर घासलेल्या पितळेचा वास. गृहस्थ जाडजूड, हसरे. "या, बसा, वाट सांपडली की नाही?" म्हणाले. सांपडली. हा अनुस्वार मी माझ्या आजीनंतर ऐकला नव्हता. त्यांची बायको मीनाक्षीबाई आतून म्हणाली, "मजला दोन क्षण द्या." मी खुर्चीत ताठ बसलो आणि मनातल्या मनात म्हटलं, हं, बोली बरी राखली आहे म्हणायची.

मग मुलगी बाहेर आली. हातात पितळी डबरा-टंबलर, हिरवी रेशमी साडी, वेणीत मोगरा, गळ्यात तुळशीची बारीक माळ.

आधी वाटलं दिसण्यात साम्य असेल. तिने माझ्यासमोर टंबलर ठेवला आणि तमिळात म्हणाली, "कॉफी, सार. मशीनची नाही."

नखं स्वच्छ होती. मी कॉफी घेतली. खोलीत सगळे बघत होते, न घेऊन काय करणार होतो? चांगली होती. सर्व्हिस सेंटरमधला एक एक शब्द मला आठवत होता आणि प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारला होता. आवाज, नखं, वासे, मंगळसूत्र. चुका काढायच्या कामात मी कधी एक शब्द विसरलो नाही, आजही विसरलो नाही.

ती आईशी मराठीत बोलत होती, सुब्बलक्ष्मीशी मराठीत, कार्तिककडे तर न बोलताच बघत होती. माझ्याकडे वळली की तमिळ. "सार, साखर पुरे?" "सार, पंखा वाढवू?" गोपालकृष्ण दोनदा म्हणाले, अगं, ह्यांस आपली भाषा येते. ती म्हणाली, "माहीत अहे, अप्पा. मी ऐकलीय."

घरी येताना रिक्षात मी सुब्बलक्ष्मीला म्हणालो, तू मला तिथेच का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "कोणत्या भाषेत सांगणार? मराठीत सांगटलं तर तिला कळणार, तमिळात सांगटलं तर सगळ्यांस. पाय तुडवला. चिमटा काढला. आणखी काय करायाचं होतं, तोंडावर हात ठेवायाचा होता?"

"आणि आधी घरून निघताना?"

"भांड्यांचा बाजार म्हटल्यावर आला असतांत?"

माणसाने आपल्या भाषेत मोकळं बोलायचं नाही तर कोठे बोलायचं, हा माझा प्रश्न अजून कायम आहे. पण तो ऐकून घेणारं रिक्षात कोणी नव्हतं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

कार्तिक आज माझ्या खोलीत आला. उभाच राहिला. म्हणाला, ती हो म्हणाली आहे.

"अट काय?"

"अट काही नाही. तुमचं सगळं करील म्हणाली. औषधपाणी, जेवणखाण, मान. फक्त म्हणाली, तुझ्या अप्पांनी मराठीत जे सांगायाचं ते सगळं सांगून टाकलंय. माझ्याशी राहिलेलं तमिळात बोलूंत."

मी म्हटलं, हा माज आहे.

"असेल," कार्तिक म्हणाला. "तिला महिन्याचे गुण कमी पडले, अप्पा. तीन कोणी दिले ते कागदावर नाव असतं. तिने वरिष्ठांस सांगटलं, गिऱ्हाईक बरोबर बोललं, मी जास्त बोलतें." मग दारापर्यंत जाऊन म्हणाला, "मी तुम्हांस कां पाठवलं ठाऊक अहे? ती कामात कशी असते ते तुम्ही बघावं म्हणून. मजला वाटलं तुम्हांस आवडेल."

त्याचा आवाज फाटला आणि तो गेला. मूल लहान असताना रडायचं तसा आवाज. मला फार वाईट वाटलं. तसं वाटून घेण्याचं कारण नाही, लग्न तर ठरलं आहे, पण वाटलं.

रविवार, २८ सप्टेंबर

पितृपक्षाआधी निश्चयतांबूल, म्हणजे साखरपुडा, उरकलं. लग्न थैत, संक्रांतीनंतर. या महिन्यात महालक्ष्मी दोनदा घरी आली. दोन्ही वेळा मला तमिळात विचारून कॉफी दिली. "सार" म्हणते. अप्पा म्हण असं सुब्बलक्ष्मीने सांगितलं, तर हसून म्हणाली, लग्नानंतर बघूं. मी एकदा मुद्दाम मराठीत विचारलं, "पाऊस लागला का वाटेत?" तिने तमिळात उत्तर दिलं, नाही सार, कोरडीच आले. इतकं गोड की तक्रार करायला जागा नाही. ऑडिटमध्ये असा हिशोब आला की आम्ही सही करायचो आणि रात्रभर जळायचो.

आज नवरात्राच्या गोलूसाठी, म्हणजे बाहुल्यांची आरास बघायला, तिला आणि मीनाक्षीबाईंना बोलावलं होतं. सुब्बलक्ष्मीने पायऱ्या मांडल्या आहेत, त्यावर कागदी लगद्याची देवमंडळी, लग्नाची वरात, वाण्याचं दुकान, आणि सगळ्यात खाली कार्तिकने आणून ठेवलेली एक खेळण्यातली मोटरसायकल. देवांपुढे मोटरसायकल! मी काढून टाका म्हणालो, कोणी काढली नाही.

मी आतल्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. बाहेर तिघी बायका बोलत होत्या. चण्याचं सुंडल खारट जाहलं की नाही यावर चर्चा चालली होती. महालक्ष्मी कसलीतरी गोष्ट सांगत होती, एका म्हाताऱ्याने गाडीच्या टाकीत रॉकेल घातलं आणि मग तिलाच दटावलं, "ऐसं कैसं जाहलं म्हणून मजलाच विचारतो!" सुब्बलक्ष्मी हसता हसता धापा टाकत होती. ऐसं. कैसं. मजला. माझी आई पाटावर बसून असं बोलायची. पुण्याच्या माणसांना लाजून मी जे शब्द तोंडातून काढून टाकले, ते सगळे या मुलीच्या तोंडात जागच्या जागी होते. माझी मराठी शुद्ध आहे. पण घरातली तिची होती, मला कबूल करावं लागतं.

मला राहवलं नाही, मी बाहेर आलो. ती ताडकन उठली. "उक्कारुंगो, सार," म्हणाली, आणि मला खुर्ची दिली. गोष्ट अर्ध्यावर राहिली. मीनाक्षीबाईंनी विषय बदलला, तोही तमिळात. चौघंही तमिळात बोलू लागलो, कुठल्याही शेजाऱ्यांच्या घरी बोलतात तसं.

गोलूपुढे आलेल्या बाईने एक गाणं म्हणायचं असतं. मीनाक्षीबाईंनी देवीवरचं एक म्हटलं. सुब्बलक्ष्मी महालक्ष्मीला म्हणाली, आता तू, अभंग म्हण. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, घसा बसलाय. सुब्बलक्ष्मीने पुन्हा आग्रह केला नाही. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. गेल्या चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे हजारदा पाहिलं असेल आणि मी दर वेळी काय म्हणून विचारलं आहे. आज विचारलं नाही.

मी उठलो, खुंटीवरची पिशवी घेतली आणि महालक्ष्मीला तमिळात म्हणालो, "वेत्तिलै संपली आहे. मी जाऊन आणतो. वेळ लागेल."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सरि, सार," म्हणाली.

दार ओढून घेतलं. गल्लीत कोणी नव्हतं. मी चार पावलं गेलो असेन नसेन, आतून सुब्बलक्ष्मीचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, मग टाळीचा ठेका, आणि मग महालक्ष्मी अभंग गाऊ लागली. घसा अजिबात बसलेला नव्हता. आवाज मोठा आहे, मी म्हणालो होतो तसाच, खिडकीतून सबंध गल्लीत येत होता. शब्द न् शब्द कळत होता.

विड्याची पानं घरात होतीच, सकाळी मीच आणली होती. ती दुसरं गाणं म्हणू लागली तरी मी आत गेलो नाही. गेलो असतो तर ती थांबली असती.